डेटाबेस न जोडता मेमरीतली ऑब्जेक्ट्स टेबलमध्ये दाखवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉप स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे ओळी-कॉलमचं टेबल, बांधणारे लोक हे प्रश्न परत परत पाठवतात. बहुतेक प्रश्न विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ (दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली स्क्रीन बांधायची साधनं) आणि जावा स्विंगचे (जावातलं तसंच साधन) असतात, म्हणून उत्तरंही त्यांनाच धरून आहेत. ब्राउझरमध्ये गोष्ट वेगळी पडते तिथे तसं सांगितलंय. उदाहरणाला सगळीकडे एकच क्लास घेतलाय, ‘पुस्तक’. त्यात नाव, पानं, ‘वाचून झालं का’ आणि लेखक. यातला लेखक हे स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे. त्याचा त्रास प्र. १२ मध्ये येईल.

१. डेटाबेसच नसेल तर ग्रिडमध्ये काही दाखवता येतं का?

येतं. डेटाबेस नावाची काही चीज असते हे ग्रिडच्या गावीही नसतं. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: ओळी किती, कॉलम किती, आणि अमक्या ओळीच्या तमक्या कॉलममध्ये काय लिहायचं. ही उत्तरं डेटाबेसमधून आली काय, फाइलमधून आली काय, की तुम्ही दोन मिनिटांपूर्वी बनवलेल्या लिस्टमधून आली काय, त्याला फरक पडत नाही. स्विंगमध्ये तर हे तीन प्रश्न चक्क तीन मेथड्स म्हणून समोर येतात: गेटरोकाउंट, गेटकॉलमकाउंट आणि गेटव्हॅल्यूॲट.

चौथी गोष्ट मात्र लोक विसरतात. आतला माल बदलला की ग्रिडला हाक कोणी मारायची? माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न त्या न मारलेल्या हाकेचे असतात (प्र. ७ आणि ८).

२. मग प्रत्येक उदाहरणात आधी कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारा मजकूर) का असते?

सवय. १९९५ साली आलेल्या डेल्फीत डेटाबेस ग्रिडला मागे डेटासेट लागायचाच. पुढच्या साधनांनीही ‘टेबल ओढा, फॉर्मवर सोडा, झालं’ असे विझार्ड दिले. दाखवायला ते छान दिसतं, म्हणून शिकवण्यातही तेच आलं. ग्रिड आणि डेटाबेस ही जोडगोळी आहे असा समज त्यातून पक्का झाला, एवढंच.

३. कमीत कमी किती कोड लागतो?

विनफॉर्म्समध्ये एक ओळ. डेटाग्रिडव्ह्यूच्या डेटासोर्स प्रॉपर्टीला पुस्तकांची लिस्ट द्यायची, कॉलम आपोआप तयार होतात. डब्ल्यूपीएफमध्येही एकच ओळ, तिथे प्रॉपर्टीचं नाव आयटम्ससोर्स. स्विंगमध्ये ॲबस्ट्रॅक्टटेबलमॉडेलपासून स्वतःचा क्लास काढून वरच्या तीन मेथड्स लिहायच्या आणि ते मॉडेल जेटेबलला (स्विंगच्या ग्रिडला) द्यायचं. पंधरा-वीस ओळींचं काम.

लिस्ट न जोडता हाताने एकेक ओळ भरण्याचा रस्ताही विनफॉर्म्समध्ये आहे. पण दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत. डेटासोर्स दिल्यावर हाताने ओळ घालायला गेलात की एक्सेप्शन येतं. दहा-बारा ओळींच्या, कधी न बदलणाऱ्या टेबलाला हाताने भरणं चालून जातं. बाकी सगळीकडे लिस्ट जोडा.

४. लिस्टमध्ये वीस ऑब्जेक्ट्स आहेत, डीबगरमध्ये दिसतात, पण ग्रिड कोरंच. का?

तीन ठिकाणी बघा.

पहिलं, तुमच्या क्लासमध्ये पब्लिक प्रॉपर्टी आहेत की नुसती पब्लिक फील्ड्स? डॉटनेटचं बाइंडिंग (लिस्ट ग्रिडला जोडणारी यंत्रणा) फक्त प्रॉपर्टी बघतं. फील्डपुढे ‘गेट, सेट’ नसेल तर ग्रिडच्या लेखी ते फील्ड नाहीच. कंपाइलर काही बोलत नाही, एक्सेप्शन येत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

दुसरं, तुम्ही लिंक क्वेरी (LINQ, म्हणजे डॉटनेटच्या कोडमध्येच लिहिलेली क्वेरी) थेट डेटासोर्सला दिली आहे का? क्वेरी म्हणजे लिस्ट नव्हे, लिस्ट कशी बनवायची याची ती नुसती कृती. विनफॉर्म्सला तयार लिस्टच लागते. शेवटी टूलिस्ट लावा.

तिसरं स्विंगचं: ओळी दिसतायत पण वरची शीर्षकं गायब, अशी तक्रार असेल तर जेटेबल स्क्रोलपेनमध्ये टाकलेलं नाही. शीर्षकपट्टी स्क्रोलपेनमुळेच आपोआप लागते.

५. मी नावांची लिस्ट दिली, पण नावं न येता ‘लेंग्थ’ नावाच्या कॉलममध्ये ५, ८, ६ असे आकडे आलेत!

हा माझा आवडता प्रश्न. ग्रिड कसं विचार करतं ते इथे उघडं पडतं. त्याने लिस्टमधल्या वस्तूचा प्रकार बघितला: स्ट्रिंग. स्ट्रिंगला दाखवण्याजोगी पब्लिक प्रॉपर्टी कोणती? लांबी. मग त्याने लांबीचा कॉलम बनवला आणि प्रत्येक नावात किती अक्षरं ते प्रामाणिकपणे लिहून दिलं. तुम्हाला हवा असलेला मजकूर ही स्ट्रिंगची प्रॉपर्टी नाही, तो स्वतः स्ट्रिंगच आहे.

उपाय: स्ट्रिंग एका छोट्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळा. ‘नाव’ अशी एकच प्रॉपर्टी असलेला क्लास पुरतो. नुसतं दाखवायचं असेल तर लिंकने जागच्या जागी बनवलेलं निनावी ऑब्जेक्टही चालतं. त्यातली मेख प्र. १३ मध्ये आहे.

६. कॉलमचं शीर्षक बदलायचंय, काही कॉलम लपवायचेत, क्रमही वेगळा हवाय.

आपोआप कॉलम बनवणं बंद करा आणि कॉलम स्वतः लिहा. विनफॉर्म्समध्ये त्यासाठीची ऑटोजनरेटकॉलम्स ही प्रॉपर्टी डिझायनरच्या खिडकीत दिसतच नाही. ती कोडमध्ये, आणि डेटासोर्स देण्याआधी, फॉल्स करायची. नंतर केलीत तर कॉलम तोवर बनून गेलेले असतात.

घाई असेल तर क्लासच्या प्रॉपर्टीवर डिस्प्लेनेम आणि ब्राउझेबल ही ॲट्रिब्यूट्स लावली की विनफॉर्म्स त्यांचं ऐकतं. डब्ल्यूपीएफचं ग्रिड डिस्प्लेनेम आपण होऊन वाचत नाही. स्विंगमध्ये गेटकॉलमनेम लिहिलं नाही तर शीर्षकं ए, बी, सी अशी येतात.

७. लिस्टमध्ये नवीन ऑब्जेक्ट टाकलं, पण ग्रिडमध्ये ओळ येत नाही.

साधी लिस्ट मुकी असते. तिच्यात काही घातलं-काढलं तर ती कोणाला सांगत नाही, आणि ग्रिडही दर सेकंदाला येऊन ‘काही नवीन?’ असं विचारत नाही. तेव्हा बोलकी लिस्ट वापरा. विनफॉर्म्समध्ये ती बाइंडिंगलिस्ट, डब्ल्यूपीएफमध्ये ऑब्झर्व्हेबलकलेक्शन. घातलं, काढलं की ती स्वतःच हाक मारते.

इथे एक सापळा आहे. बाइंडिंगलिस्ट बनवताना तुमची जुनी लिस्ट तिला देता येते. ती त्या लिस्टची प्रत काढत नाही, तिच्यावर नुसती पांघरूण घालते. पुढे कोडमध्ये कुठेतरी जुन्याच व्हेरिएबलवर ॲड केलंत, तर वस्तू आत जाते, पण पांघरुणाला पत्ता लागत नाही आणि हाक जात नाही. एकदा गुंडाळलं की जुन्या व्हेरिएबलला हात लावू नका.

स्विंगमध्ये हाक तुम्हीच मारायची, आणि नेमकी मारायची. एक ओळ वाढली तर फायरटेबलरोजइन्सर्टेड, आणि त्यात पहिल्या व शेवटच्या ओळीचा क्रमांक. लोक कंटाळून सगळीकडे फायरटेबलडेटाचेंज्ड ठोकतात; ओळ दिसते, पण वापरणाऱ्याने निवडलेली ओळ सुटते. फायरटेबलस्ट्रक्चरचेंज्ड त्याहून राक्षसी. ते कॉलमच नव्याने बांधतं, म्हणून वापरणाऱ्याने जुळवलेल्या रुंदी आणि क्रम दोन्ही जातात.

ब्राउझरमध्ये रिॲक्ट (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरणाऱ्यांची तक्रार दिसायला हीच असते, कारण वेगळं. ॲरेमध्ये पुश केलं तरी ॲरे तोच राहतो, त्यामुळे रिॲक्टला वाटतं काही बदललंच नाही. नवा ॲरे बनवून द्या.

एकदम हजारो वस्तू घालायच्या असतील तर प्रत्येकीमागे एक हाक परवडत नाही. बाइंडिंगलिस्टमध्ये रेझलिस्टचेंज्डइव्हेंट्स तात्पुरतं फॉल्स करा, सगळं भरा, परत ट्रू करा आणि शेवटी रीसेटबाइंडिंग्ज एकदाच बोलवा.

८. ओळ येते, पण ऑब्जेक्टमधली पानं बदलली तर जुनाच आकडा राहतो. ओळीवर क्लिक केलं की नवा दिसतो!

लिस्ट बोलकी झाली, आतली वस्तू अजून मुकी आहे. दोन्ही हाका वेगळ्या. वस्तू आली-गेली हे लिस्ट सांगते; वस्तूच्या आत काही बदललं हे त्या वस्तूनेच सांगायला हवं. त्यासाठी क्लासमध्ये आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस घाला आणि प्रत्येक सेटरमध्ये बदललेल्या प्रॉपर्टीचं नाव कळवा. क्लिक केल्यावर दिसतं कारण तो सेल परत रंगवला जातो, आणि रंगवताना ताजी किंमत वाचली जाते.

‘डेटासोर्स आधी नल (null, म्हणजे ‘काहीच नाही’) करा, मग परत लिस्ट द्या’ हा तोडगा बरेच जण सांगतात. काम होतं. पण निवडलेली ओळ जाते, स्क्रोल वर उडी मारतो, आणि वापरणारा नेमका १८०व्या ओळीवर काम करत असतो. हा तोडगा रोज चालणाऱ्या स्क्रीनमध्ये ठेवू नये.

९. शीर्षकावर क्लिक केलं तरी सॉर्ट होत नाही.

विनफॉर्म्समध्ये सॉर्ट करायचं काम ग्रिड मागच्या लिस्टवर ढकलतं, आणि साधी लिस्ट किंवा बाइंडिंगलिस्ट, दोघींनाही ते येत नाही. एक तर बाइंडिंगलिस्टपासून स्वतःचा क्लास काढून तिच्या सॉर्टच्या मेथड्स लिहा, किंवा शीर्षकाच्या क्लिकवर लिंकने नवीन क्रमाची लिस्ट बनवून द्या. डेटाटेबलला, म्हणजे डॉटनेटमधल्या मेमरीतल्या तयार टेबलाला, सॉर्ट आयतं येतं (प्र. १६).

डब्ल्यूपीएफ हे काम स्वतः करतं. तेही लिस्टला धक्का न लावता, मधल्या एका ‘व्ह्यू’वर. स्विंगमध्ये जावा ६ पासून सेटऑटोक्रिएटरोसॉर्टर ट्रू केलं की झालं.

१०. सॉर्ट होतं, पण १००, २०, ९ अशा क्रमाने!

आकडे मजकूर म्हणून तपासले जातायत. अक्षर अक्षर बघितलं तर ‘१’ हा ‘२’च्या आधी येतो, संपला विषय. स्विंगमध्ये गेटकॉलमक्लास लिहिलं नसेल तर प्रत्येक कॉलम नुसता ‘ऑब्जेक्ट’ समजला जातो आणि मजकुरावर तुलना होते. पानांच्या कॉलमला इंटिजर सांगा. आकडे उजवीकडे सरकतील, क्रमही सुधारेल. ‘वाचून झालं का’ला बूलियन सांगा, ट्रू-फॉल्सऐवजी टिक करायची चौकट येईल. जावास्क्रिप्टचं सॉर्टही काही न सांगता मजकुरावरच चालतं, त्यामुळे तिथे तुलनेचं फंक्शन द्यावंच लागतं.

मराठी मजकुराचंही असंच. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या कोडक्रमाने लावलेली यादी शब्दकोशासारखी येणार नाही.

११. सॉर्ट केल्यावर डिलीट दाबलं की भलतीच ओळ उडते.

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माझ्याच एका स्क्रीनवर हे महिनाभर चालू होतं. चाचणी करताना मी कधी सॉर्ट केलंच नव्हतं, आणि वापरणारे रोज पहिलं काम तेच करायचे.

स्क्रीनवरची तिसरी ओळ आणि लिस्टमधली तिसरी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉर्ट किंवा फिल्टर लागेपर्यंत त्या योगायोगाने जुळतात. स्विंगमध्ये निवडलेल्या ओळीचा क्रमांक कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेलमधून काढून मगच वापरायचा. पाच ओळी निवडल्या असतील तर पाचही क्रमांक आधी बदलून घ्या, आणि मोठ्या क्रमांकाकडून लहानाकडे डिलीट करत या. उलट गेलात तर पहिली ओळ काढताच मागच्या सगळ्या एकेक घर वर सरकतात.

विनफॉर्म्समध्ये क्रमांकाच्या भानगडीतच पडू नका. ओळीच्या डेटाबाउंडआयटममध्ये मूळ ऑब्जेक्ट मिळतं. ते घ्या आणि लिस्टमधून तेच काढा. डब्ल्यूपीएफमध्ये सिलेक्टेडआयटम.

१२. लेखकाच्या कॉलममध्ये नाव न येता क्लासचं नाव दिसतं.

लेखक हे ऑब्जेक्ट आहे, आणि ऑब्जेक्टचं काय करायचं हे न कळल्यामुळे ग्रिडने त्याचं टूस्ट्रिंग छापलं. लेखकाच्या क्लासमध्ये टूस्ट्रिंग लिहिलंत की नाव येईल. कॉलमला ‘लेखक, टिंब, नाव’ असा मार्ग देणं डब्ल्यूपीएफला समजतं, डेटाग्रिडव्ह्यूला समजत नाही. तिथे पुस्तकात ‘लेखकाचं नाव’ अशी फक्त वाचता येणारी एक प्रॉपर्टी घालणं सगळ्यात सोपं. लेखक नल असू शकतो, तेवढं त्या प्रॉपर्टीत सांभाळा.

१३. ग्रिडमध्ये टाइप केलेलं थेट ऑब्जेक्टमध्ये जातं का? आणि काही कॉलममध्ये टाइपच का होत नाही?

प्रॉपर्टीला सेटर असेल तर जातं. सेटर नसेल तर तो कॉलम वाचण्यापुरता. लिंकची निनावी ऑब्जेक्ट्स याच कारणाने कधीच बदलता येत नाहीत. स्विंगमध्ये ॲबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल सगळे सेल कुलूपबंद ठेवतं; इझसेलएडिटेबल आणि सेटव्हॅल्यूॲट दोन्ही लिहावे लागतात. डीफॉल्टटेबलमॉडेलमध्ये उलट, सगळंच उघडं.

यातली खरी डोकेदुखी वेगळीच: ‘सेव्ह दाबलं, पण शेवटचा टाइप केलेला आकडा गेला नाही.’ कर्सर अजून सेलमध्येच असतो, म्हणजे ती किंमत एडिटरमध्ये अडकलेली असते. टूलबारवरच्या बटणाने फोकस हलत नाही, म्हणून तिथे हे हमखास होतं. सेव्हच्या कोडची पहिली ओळ एंडएडिट असू द्या, स्विंगमध्ये स्टॉपसेलएडिटिंग.

आकड्याच्या कॉलममध्ये कोणी अक्षरं टाइप केली तर विनफॉर्म्स एक भला मोठा तांत्रिक संवाद दाखवतं. डेटाएरर हा इव्हेंट पकडून तिथे माणसाला कळेल असं काही लिहा.

१४. मागच्या थ्रेडमधून (स्क्रीनच्या कामासोबत वेगळ्या चालणाऱ्या कामातून) लिस्ट भरली की प्रोग्रॅम पडतो.

लिस्टची हाक ज्या थ्रेडवर मारली त्याच थ्रेडवर पोचते, आणि स्क्रीनला फक्त तिच्या स्वतःच्या थ्रेडने हात लावायचा असतो. माहिती मागे गोळा करा, लिस्टमध्ये घालायचं काम मात्र स्क्रीनच्या थ्रेडला सोपवा: विनफॉर्म्समध्ये इन्व्होक, डब्ल्यूपीएफमध्ये डिस्पॅचर, स्विंगमध्ये इन्व्होकलेटर.

डब्ल्यूपीएफ निदान स्पष्ट एक्सेप्शन देतं. स्विंग बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. दहादा नीट चालतं, अकराव्यांदा अर्धी ओळ रंगते. ‘माझ्या मशिनवर चालतंय’ हा स्विंगमध्ये पुरावा धरू नये.

डॉटनेट ४.५ पासून डब्ल्यूपीएफमध्ये एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन आलं. ते वापरलं तरी तुमच्या कोडमध्ये त्याच कुलपाने लॉक लावावंच लागतं. तो भाग लोक सोडून देतात.

१५. किती ओळींपर्यंत ठीक चालतं?

मेमरीत लाखभर छोटी ऑब्जेक्ट्स काहीच नाहीत. अडतं ते रंगवण्यात. चांगलं ग्रिड डोळ्यांसमोरच्या तीस-चाळीस ओळीच रंगवतं, त्यामुळे मागे लाख ओळी असल्या तरी बिघडत नाही. बिघडवतो आपण. डब्ल्यूपीएफचं ग्रिड स्टॅकपॅनेलमध्ये ठेवलं की त्याला वाटतं उंची अमर्याद आहे, आणि ते सगळ्याच ओळी बांधायला घेतं. विनफॉर्म्समध्ये कॉलमची रुंदी ‘सगळ्या सेलप्रमाणे’ ठेवली तर ते प्रत्येक ओळ मोजत बसतं. ‘दिसणाऱ्या सेलप्रमाणे’ ठेवा. त्यापुढे गरज पडलीच तर डेटाग्रिडव्ह्यूचा व्हर्च्युअलमोड आहे, ज्यात ग्रिड प्रत्येक सेलसाठी तुम्हाला विचारतं. म्हणजे परत प्र. १ मधला तिसरा प्रश्न.

१६. मग डेटाटेबल वापरू, की स्वतःची ऑब्जेक्ट्स? की मेमरीतला एसक्यूलाइट?

डेटाटेबल म्हणजे डेटाबेस नव्हे. त्याला कनेक्शन लागत नाही. हाताने कॉलम घाला, ओळी घाला, चालतं. सॉर्ट आणि फिल्टर आयते मिळतात. बदल्यात प्रत्येक कॉलमचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहावं लागतं आणि चूक झाली तर ती चालवल्यावरच कळते. कॉलम कोणते असणार हेच आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ कोणाचीही सीएसव्ही फाइल उघडून दाखवायची असेल, तर डेटाटेबल. क्लास आधीच आहे तर त्याची ऑब्जेक्ट्स मोडून डेटाटेबलमध्ये ओतणं मला उगाचचा उपद्व्याप वाटतो.

एसक्यूलाइट मेमरीत चालतो, पण तो डेटाबेसच आहे. चार टेबलं जोडून क्वेरी मारायच्या असतील तरच. आणि लक्षात असू द्या: मेमरी मोडमध्ये सहसा प्रत्येक नवीन कनेक्शनला स्वतंत्र, कोरा डेटाबेस मिळतो. एका कनेक्शनवर भरलं, दुसऱ्यावर वाचलं आणि ‘टेबलच नाही’ असा एरर आला, तर हेच कारण.

१७. प्रोग्रॅम बंद केल्यावर हे सगळं जातं का?

जातं. हवं असेल तर बंद होताना लिस्ट जेसन (JSON) फाइलमध्ये लिहा आणि उघडताना वाचा.

१८. एका ओळीला लाल रंग दिला तर खालच्या बऱ्याच ओळी लाल होतात.

स्विंग प्रत्येक सेलसाठी वेगळा घटक बनवत नाही. एकच रेंडरर (सेल रंगवणारा घटक) शिक्क्यासारखा सेलमागून सेलवर उमटवत जातं. शिक्क्याला लाल शाई लावलीत आणि पुसली नाहीत, तर पुढचे ठसेही लालच. रंग ‘नाहीतर’च्या फांदीतही सांगा. डब्ल्यूपीएफमध्ये ओळी पुन्हा वापरात घेतल्या जातात, तिथे स्क्रोल केल्यावर हेच दिसतं. रंग कोडने न देता ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीला बाइंड करा.

१९. लिस्टमध्ये ‘पुस्तक’ आणि त्यापासून काढलेलं ‘बोलकं पुस्तक’ (ऑडिओबुक) दोन्ही आहेत. बोलक्याची ‘मिनिटं’ ही प्रॉपर्टी दिसत नाही.

दिसणार नाही. विनफॉर्म्स कॉलम ठरवताना लिस्ट कशाची म्हणून जाहीर केली आहे ते बघतं. तुम्ही पुस्तकांची म्हणालात, म्हणून पुस्तकाचेच कॉलम आले. आतल्या एकेका वस्तूची चौकशी होत नाही. मिनिटांचा कॉलम हवाच असेल तर सेलफॉरमॅटिंग इव्हेंटमध्ये डेटाबाउंडआयटम तपासून किंमत भरा आणि साध्या पुस्तकांसाठी तो सेल मोकळा ठेवा.

याचा आणखी विचित्र भाऊ इंटरफेसमध्ये भेटतो. लिस्ट एखाद्या इंटरफेसची असेल आणि तो इंटरफेस दुसऱ्या इंटरफेसवरून आलेला असेल, तर वरच्या इंटरफेसमधल्या प्रॉपर्टी विनफॉर्म्सच्या ग्रिडमध्ये येत नाहीत. कोडमध्ये टिंब दिलं की त्या दिसतात, ग्रिडमध्ये मात्र नाहीत. क्लासचा वारसा ग्रिडला कळतो, इंटरफेसचा कळत नाही. अशा वेळी प्रॉपर्टी खालच्या इंटरफेसमध्ये परत लिहा, नाहीतर लिस्टच ठोस क्लासची करा. मी दुसरं करतो.